फटफटीचा मूळ आवाज

इतिहासाच्या साधनांत कागद आहे, ताम्रपट आहे, नाणें आहे, पडकी भिंतही आहे. आवाज मात्र नाहीं. धुळ्यास राहणाऱ्या मनुष्यास ही उणीव विशेष जाणवते. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें गोळा केलीं, त्यांतील पुष्कळ, १९२६ सालीं त्यांचा येथें अंत झाल्यावर, त्यांच्याच नांवाच्या संशोधन मंडळानें या शहरांत जतन केलीं. पण त्या दप्तरांतील स्वारांच्या घोड्यांच्या टापा कशा वाजत असत, हें कोणता रुमाल सोडला असतां कळणार?

हा प्रश्न मला एका क्षुल्लक निमित्तानें पडला. माझ्या वडिलांची १९७४ सालची बुलेट मोटारसायकल दुरुस्त करून पुन्हां रस्त्यावर आणावयाची होती, आणि तिचा सायलेन्सर गंजून त्याची चाळण झाली होती. नवा कोणता घ्यावा, एवढाच काय तो प्रश्न. परंतु तो सोडवितांना माझ्या व्यवसायांतील एका जुन्या रोगाशीं माझी गांठ पडली.

मराठी माणसानें बैलगाडीला बैलावरून नांव दिलें, आगगाडीला आगीवरून दिलें. मोटारसायकलीला मात्र तिच्या आवाजावरून ‘फटफटी’ म्हटलें. हें नांव उगाच पडलेलें नाहीं. मोटारीच्या चार-सहा नळकांड्यांतील स्फोट एकमेकांत मिसळून त्यांचा एक अखंड घोष होतो. बुलेटला नळकांडें एकच. ३५० च्या जातीचें तें ७० मिलिमीटर रुंद आणि दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. चाकाच्या दोन फेऱ्यांत स्फोट एक, म्हणजे मिनिटाला हजार फेरे घेत यंत्र उभ्या उभ्या चालत असेल तर ठोके पांचशेंच. कानास प्रत्येक ठोका वेगळा कळतो, आणि भाषेनें नेमकें तेंच टिपून ठेविलें.

या यंत्राचें कुलवृत्तही मनोरंजक आहे. रॉयल एन्फील्डची पहिली मोटारसायकल इंग्लंडांतील रेडिच येथें १९०१ सालीं निघाली. ‘बुलेट’ हें नांव १९३२ चें. स्वतंत्र भारताच्या सैन्यासाठीं या गाड्यांची मागणी झाली आणि १९५५ सालीं मद्रासेजवळ तिरुवोत्तियूर येथें कारखान्याचा पाया पडला. पुढें १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील मूळ व्यवसाय अस्तास गेला, परंतु मद्रासेस तेंच ओतीव लोखंडाचें यंत्र आणखी चाळीसएक वर्षें निघत राहिलें. खोड वाळलें आणि फांदीनें मूळ धरलें, असा हा प्रकार आहे.

सायलेन्सरचेंही असेंच एक कुलवृत्त आहे. मशीनगन शोधून काढणाऱ्या हायरम मॅक्सिमचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम यानें १९०९ सालीं बंदुकीचा आवाज दडपणाऱ्या नळीचें पेटंट घेतलें, आणि तेंच तत्त्व मोटारींच्या धुरालाही लावलें. मोटारींना आवाज मारणारे डबे त्यापूर्वींही बसवीत असत. पण बापानें जगाचे कान फोडावे आणि मुलानें त्यांवर फुंकर घालावी, हा योग इतिहासांत विरळा.

आतां बाजाराकडे वळूं. दुकानांत मला तीन प्रकार दाखविण्यांत आले. पहिला, कारखान्याच्या घडणीचा लांब व गंभीर. दुसरा, जुन्या इंग्रजी शर्यतीच्या गाडीवरून ‘गोल्डस्टार’ म्हणविणारा. तिसरा, ‘पंजाबी’, ‘इंदुरी’ अशा नांवांनीं खपणारा, आंतून जवळजवळ मोकळा. माझ्या पुतण्याचा ओढा तिसऱ्याकडे. त्याचें म्हणणें असें, “काका, जुन्या बुलेटचा खरा आवाज हाच. आजोबांची गाडी अशीच वाजत असणार.”

खरें सांगावयाचें तर मलाही तसेंच वाटत होतें. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तरी जळगांव आणि धुळें यांस पारोळें-एरंडोलवरून जोडणारा रस्ता दोहोंचा समाईकच राहिला. त्या रस्त्यावर वडिलांनीं नोकरीनिमित्त या गाडीवर शेंकडों फेऱ्या केल्या. आणि रात्रीं परतणाऱ्या गाडीचा माझ्या स्मृतींतला आवाज मेघगर्जनेहून कमी नाहीं.

मिस्त्रीनें मात्र प्रथम उष्णतेचा विषय काढला. बुलेटचें यंत्र वाऱ्यानें थंड होणारें. पाण्याची टांकी नाहीं, भोंवतीं लोखंडाच्या पाकळ्या आहेत तेवढ्याच. अशा यंत्रांत जळणारें पेट्रोलही थोडें थंडाव्याचें काम करीत असतें. नळी मोकळी केली आणि कार्बोरेटरमधील जेट तोच ठेविला, तर हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडतें, मिश्रण विरळ होतें आणि यंत्र अधिक तापतें. वैशाखांत जळगांव-भुसावळचा पारा ४५ अंशांची मर्यादा ओलांडतो. तेथें ही चूक पिस्टनच्या जिवावर बेतते. “सर, गाडी ओरडली म्हणजे पळाली असं नसतं,” असें त्यानें सांगितलें, तें शास्त्रासही धरून आहे. मोकळ्या नळीचा लाभ झालाच तर अतिवेगांत होतो. आणि बुलेटचा सारा गुण तर सावकाशींत.

वाऱ्यानें थंड होणाऱ्या यंत्राची ही विवंचना सार्वत्रिक आहे. जर्मनींतील पोर्श ९११ ही गाडी १९६३ सालीं लोकांपुढें आली आणि १९९८ पर्यंत तिचें यंत्र वाऱ्यावरच निवत असे. जुन्या गाड्यांत धुराच्या नळ्यांभोंवतीं हवा खेळवून तीच ऊब आंत बसणाऱ्यांस पुरविलेली असे. म्हणून शर्यतीच्या मोकळ्या नळ्या बसवितांना तिच्या मालकास हिवाळ्यांत कुडकुडण्याची तयारी ठेवावी लागते. खानदेशांतील मालकास ही अडचण खचित येणार नाहीं. पण देश पाहून नळी निवडावी, हा धडा दोघांसही सारखाच.

इतकें झाल्यावरही ‘खरा आवाज कोणता’ हा प्रश्न उरलाच. तेव्हां मीं मिस्त्रीस जुना सायलेन्सर उभा चिरावयास सांगितला. एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें तितकेंच पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें; गाडी थोडी चालवून थांबविली तर तें डब्यांतच सांचतें. म्हणून हे डबे आंतून कुजतात. आमचाही तसाच कुजला होता. तरी त्याच्या पोटांतील रचना ओळखूं येत होती. आडवे पडदे, त्यांतून गेलेली भोंकांची नळी, आणि त्यांवर अर्ध्या शतकाची काजळी. धुरानें सरळ बाहेर पडूं नये, पडद्यापडद्याशीं थबकावें आणि आपला जोर तेथेंच ठेवून जावें, अशीच ती योजना होती. असल्या डब्यांतून गर्जना निघणें शक्य नव्हतें. वडिलांच्या गाडीचा आवाज जाड असेल, खोल असेल. पण मोठा नव्हता.

घरीं येऊन आईस विचारलें. ती म्हणाली, “मोठा कुठला? गाडी गल्लीच्या तोंडाशीं आली कीं मला कळायचं, शेजारच्यांना नाहीं. तुम्ही मुलं तर झोपलेलीच असायचां.”

म्हणजे जी मेघगर्जना मला आठवत होती, ती मीं बहुधा ऐकलीच नव्हती! नंतरच्या काळांत रस्त्यावर ऐकलेला आवाज माझ्या मनानें नकळत मागें नेऊन वडिलांच्या गाडीस बसविला होता. वर ज्या रोगाचा उल्लेख केला तो हाच. आपण आपल्या पूर्वजांचे आवाज नेहमीं मोठे करून ऐकतों, आणि मग त्या मोठेपणास ‘मूळ’ म्हणून त्याची नक्कल करूं लागतों. बखरींतील फौजांचे आंकडे असेच फुगतात.

कायद्याचें म्हणणें तर स्पष्टच आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें सायलेन्सर सक्तीचा आहे. २००० सालच्या नियमांनीं वस्तीच्या भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी ठरविली आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे दंडक मोडणाऱ्या वाहनचालकास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं पोलिसांनीं असले जप्त केलेले डबे रोडरोलरखालीं चिरडलेही आहेत. पण दंडाच्या भयानें घेतलेला निर्णय रोलर दूर गेला कीं बदलतो. पुतण्यास मीं कायदा सांगितला नाहीं. चिरलेला डबा दाखविला. त्यानें तो बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “मग लांबवालाच घेऊं.”

लांबच घेतला. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्या गाडी घेऊन पारोळ्यापर्यंत जाऊन आला. मी ओट्यावर वाचीत बसलों होतों. मला कांहीं ऐकूं आलें नाहीं. आंतून आई म्हणाली, “दार उघड, गाडी आली.”