साठ मिनिटांची कॅसेट

गाण्यांचा क्रम लावणे हे एके काळी दुसऱ्यांचे काम होते. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले नि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. १९५७ साली विविध भारती आली. तरी निवड श्रोत्याच्या हाती नव्हतीच. ती दिली १९६३ साली फिलिप्सने काढलेल्या कॅसेटने.

आमच्या लहानपणी परंड्यात कोरी कॅसेट बहुधा ६० मिनिटांची मिळे. एका बाजूला ३० मिनिटे, म्हणजे सहा-सात गाणी. तेवढ्यात आपली सारी रसिकता बसवायची! मी हौसेने भरलेली पहिली कॅसेट किल्ल्याच्या खंदकाकाठी मित्रांनी ऐकली. एकजण म्हणाला, "ही तर गीतमालाच झाली की रे! यात तू कुठं आहेस?"

आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. मग निमूटपणे शेवटचे गाणे पुसून आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरल्या. दुसऱ्या खेपेस तो काहीच बोलला नाही. फीत मागे फिरवून त्याने पुन्हा ऐकली.

आता फोन आपणहून याद्या लावून देतो. आजी केव्हाच गेली. तिचा आवाज मात्र घरात आहे, आणि तो त्या टीकेचा प्रसाद आहे.