रविवारचे टायर, सोमवारचे टायर

मोटारीच्या बॉनेटखाली किती घोडे आहेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या घोड्यांना नाल कुठले मारलेत, हे कुणी सांगत नाही. वास्तविक गाडी रस्त्याला टेकते ती चारच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढं. बाकीची सगळी ऐट हवेतच!

आम्ही गिरगावकर. ऑपेरा हाऊस नि लॅमिंग्टन रोडची स्पेअर पार्टची दुकानं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गाडी नसली तरी टायरवर मत असायचंच. तिकडे शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. पुढे त्याचं 'बॉम्बे टायर इंटरनॅशनल' झालं, मग 'मोदीस्टोन', मग टाळं. 1983 साली सुप्रीम कोर्टात निघालेला त्याच्या अबकारीचा निकाल मात्र वकीलमंडळी अजून घोकतात. टायर झिजले, खटला टिकला.

शर्यती व्हायच्या जुहूला. ज्या धावपट्टीवर 1932 साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल उतरवलं, तिथेच पुढे मोटारी पळाल्या. खुद्द जे. आर. डीं.ना बुगाटी भरधाव हाकायचा नाद. त्या भानगडीत ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले, तिथे वकिलांची पुतणी थेल्मा भेटली, आणि 1930 मध्ये लग्न झालं. प्रत्येकाला वेगाचा दंड एवढा गोड बसत नाही.

आमच्या ओळखीच्या दादरच्या एका डॉक्टरांची फियाट आठवडाभर व्हिजिटला जायची आणि शर्यतीच्या रविवारी जुहूला. कुणीतरी त्यांना शर्यतीचे विलायती टायर देऊ केले. मऊ रबर, नक्षी जवळजवळ नाहीच. कोरड्या जमिनीला असा टायर घोरपडीसारखा चिकटतो. पण लवकर झिजतो, आणि पावसात खाचांवाटे पाणी बाहेर पडायला वाट नसल्यामुळे गाडी चक्क तरंगते. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण वळणावर दगा देतं. त्यातून तेव्हाचे टायर आडव्यातिडव्या धाग्यांचे. वळणावर अख्खा टायर कलंडायचा, म्हणून शर्यतीपुरती हवा जास्त भरायची. मग घरी येताना प्रत्येक खड्डा मणक्यात मोजायचा. मिशेलिनने 1946 मध्येच रेडियलचं पेटंट घेतलं होतं. त्यात धागे काठापासून काठापर्यंत सरळ, वर पट्ट्यांचं कडं. बाजू लवते, तळवा सपाट राहतो. पण आपल्याकडे ते मोटारींना मिळायला सत्तरीचं दशक सरत आलं. तोवर निवड म्हणजे दुकानदार देईल ते!

डॉक्टरीणबाईंनी त्या गुळगुळीत टायरवरून हात फिरवला नि विचारलं, "अहो, सोमवारी याच्यावरच मुलांना शाळेत सोडणार का?"

डॉक्टरांनी खोल नक्षीचे साधे देशी टायर घेतले. जुहूला ते पाचवे आले. त्या जुलैत मात्र, हिंदमाताच्या पाण्यातून, एका बाळंतिणीकडे वेळेवर पोहोचले.