वतन, बदली आणि कायम

कोणत्या धंद्यात प्राप्ती अधिक, कोणत्यात उत्कर्षाला वाव आणि कोणत्यात उद्याची शाश्वती, असा हिशेब मांडण्याची मुभा आपल्या खेड्यांतील मनुष्याला शतकानुशतके नव्हतीच; कारण सुताराच्या मुलाने सुतार आणि परिटाच्या मुलाने परीट व्हायचे हे जन्मतःच ठरलेले असे, आणि सुगीत खळ्यावर रास पडली म्हणजे थोरली, मधली, धाकटी यांपैकी ज्या ओळीत त्याचे घराणे बसले असेल त्या मानाने त्याचे बलुते त्याच्या पदरात पडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था मोठ्या बारकाव्याने वर्णिलेली आहे. अशा वंशपरंपरागत हक्काला, म्हणजे वतनाला, स्थैर्य होते, परंतु वाढ नव्हती, आणि दुष्काळात रासच पडली नाही तर त्या स्थैर्याचा अर्थही उरत नसे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीपासून या हिशेबाला आरंभ झाला. रत्नागिरी-साताऱ्याकडची जी माणसे गिरणगावात आली, त्यांना प्रथमच रोख दरमहा हाती लागला. मात्र तो महिना उलटून गेल्यावर मिळे, आणि मधल्या दिवसांत खाणावळवाली आणि सावकार यांच्या वह्यांत नाव चढे. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती; त्याची दस्तुरी वेगळी. आणि जो कायम नव्हता तो बदलीवाला भोंग्याच्या आधी फाटकाशी उभा राहून कोणी गैरहजर राहतो काय याची वाट पाही. १८९६ च्या प्लेगात शहर ओस पडले तेव्हा मात्र मालकांना रोजच्या रोज पैसे मोजून माणसे मिळवावी लागली. याउलट सरकारी कचेरीतील शिपायाला निवृत्तिवेतनाचा आधार असे. म्हणून एक मुलगा गिरणीत असला तरी दुसरा सरकारदरबारी चिकटावा, अशी कित्येक घरांची आकांक्षा असे, आणि मला ती अत्यंत शहाणपणाची वाटते.

गिरणीतही खात्याखात्यांत अंतर होते. साचेखात्यातील विणकराला कामाच्या मापाने मजुरी मिळे व ती सूतकताईच्या मजुरीपेक्षा पुष्कळच अधिक भरे. पण त्या खात्याचे दार सर्वांना उघडे नव्हते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावण्यास सवर्ण विणकर तयार नसत. एवढ्याशा छिद्राने हजारो माणसांची मिळकत वर्षानुवर्षे अडवून धरली, हे आपल्या औद्योगिक इतिहासातील अत्यंत लज्जास्पद प्रकरण होय. गिरणी कामगारांच्या १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दार उघडण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. रात्री-अपरात्री राबवून घेणाऱ्या महार वतनाच्या बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, हा त्याचा एक हेतू होता. ज्याला गावात शाश्वती होती त्याला तिच्यापायी वेठ करावी लागत होती, आणि ज्याला शहरात मजुरी होती त्याला चांगल्या मजुरीच्या खात्यात पाऊल टाकता येत नव्हते. या दोन्ही गाठी एकाच दोराच्या आहेत हे त्यांनी ओळखले होते.

कनिष्ठ गावकामगारांची वतने पुढे १९५८ च्या कायद्याने नाहीशी झाली. गिरणगावातील बदलीवाल्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधीच जाहीर झाले नाही.