'डिअर' : भाव आणि भावना

इंग्रजी पत्राच्या मायन्यातला 'डिअर' हा शब्द आज इतका गुळगुळीत झाला आहे की थकबाकीची नोटीसही त्यानेच सुरू होते. परंतु या शब्दाचे नाते जितके जिव्हाळ्याशी आहे तितकेच ते बाजारभावाशीही आहे. प्राचीन इंग्रजीतच, म्हणजे अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेत, त्याच्या मूळ रूपाला 'लाडका' आणि 'मौल्यवान' हे दोन्ही अर्थ होते. त्याचा सगोत्र असलेला जर्मन 'टॉयर' आजही प्रामुख्याने 'महाग' याच अर्थाने वापरला जातो. लॅटिनमध्ये 'कारितास' या भाववाचक नामाने धान्याची महागाईही सांगितली जाई आणि ममताही, आणि दानधर्मासाठी रूढ झालेला 'चॅरिटी' हा शब्द त्यातूनच आला. मराठीतल्या 'महाग'ला मात्र मायेची ही बाजू लाभली नाही.

इंग्लंडच्या सामान्य माणसाला या शब्दाची झळ लागली ती भाकरीच्या दरातून. 'डिअर'पासून बनलेल्या 'डर्थ' या नामाचा मूळ अर्थ महागपणा; पण धान्य महागले की गरिबाच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा, त्यामुळे त्याच शब्दाला टंचाईचा अर्थ चिकटला आणि पुढे तोच प्रमुख ठरला. 1587 साली एलिझाबेथ राणीच्या सरकारने अशाच टंचाईत आदेशांचे एक पुस्तक काढून स्थानिक न्यायाधीशांना कोठारे तपासण्याचे आणि दडवलेले धान्य बाजारात आणवण्याचे काम दिले. 1815 च्या धान्य कायद्याने तर देशी गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलच्या मापाला, 80 शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू देशात विकायला बंदी घातली. जमीनदारांच्या सोयीच्या या व्यवस्थेविरुद्ध मँचेस्टरच्या कारखानदारांनी जी चळवळ उभारली तिच्या प्रचारात महाग पाव हा कळीचा मुद्दा होता, आणि 1846 मध्ये धान्य कायदे रद्द झाले. व्याजदर चढे ठेवण्याच्या धोरणाला अर्थशास्त्रात 'डिअर मनी' म्हणतात, ते याच जुन्या अर्थाने. अमेरिकेत मात्र किमतीचा हा अर्थ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे.

पत्रव्यवहारात हा शब्द आरंभी आप्तांसाठी आणि आदरणीयांसाठी येई; सतराव्या शतकापासून तो 'सर'सारख्या संबोधनाला जोडला जाऊ लागला आणि हळूहळू त्यातली माया आटत जाऊन नुसता शिष्टाचार उरला. तरीही छटा पुरत्या पुसल्या गेल्या नाहीत : ब्रिटनमध्ये 'माय डिअर' हा मायना नुसत्या 'डिअर'पेक्षा अधिक जवळिकीचा मानला जाई, तर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी नेमके उलट, म्हणजे 'माय' जोडल्याने पत्र अधिक औपचारिक होई; सलगीचा संकेत किती स्थानिक असतो, हे यावरून ध्यानात यावे.

पत्र कोणाला आहे हे मराठी मायना 'तीर्थरूप', 'चिरंजीव' अशा शब्दांनी नात्याच्या पायरीवरून सांगत असे, आणि ही पायरी 'डिअर'मध्ये नाही. महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत इंग्रजी रिवाजातूनच आलेल्या अर्धशासकीय पत्रात, म्हणजे एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावानिशी लिहिलेल्या पत्रात, नेहमीच्या 'महोदय'ऐवजी 'प्रिय श्री.' असा मायना असतो. असे पत्र बहुधा रखडलेल्या प्रकरणात संबंधिताने जातीने लक्ष घालावे म्हणून धाडले जाते, त्यामुळे ते हाती पडताच अधिकारी आधी ती फाइल मागवतो.