गावापुरते चलन : स्पेनच्या यादवीतील कागदी नोटा

जुलै 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटल्यानंतर काही महिन्यांतच प्रजासत्ताक सरकारच्या ताब्यातील प्रदेशात सुट्ट्या पैशांची चणचण जाणवू लागली. पेसेता हे तेथील तेव्हाचे चलन असून शंभर सेंतिमोंचा एक पेसेता होत असे. पेसेताचे नाणे आणि पाच पेसेतांचा ‘दुरो’ चांदीचे असल्यामुळे लोकांनी ते घरात दडवले, आणि सरकारनेही चांदी गोळा करून तिच्या बदल्यात कागदी प्रमाणपत्रे चालवली. हलके नाणे भारी नाण्याला चलनाबाहेर घालवते, हा ग्रेशॅमच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे ढळढळीतपणे प्रत्ययास आला. हातात मोठ्या रकमेची नोट असूनही पाव विकत घेताना खोळंबा होई, कारण दुकानदाराकडे मोड नसे.

ही अडचण केंद्र सरकारच्या आदेशाची वाट न पाहता गावोगावच्या नगरपालिकांनी सोडवली. पंचवीस व पन्नास सेंतिमोंच्या आणि एका पेसेताच्या लहान नोटा त्यांनी स्थानिक छापखान्यांत छापून घेतल्या. त्यांवर गावाचे नाव व बोधचिन्ह, अनुक्रमांक, रबरी शिक्का आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या असत, तर कातालोनियात मजकूर बहुधा कातालान भाषेत असे. अशा नोटेची पत गावाच्या शिवेपुरतीच होती. सहकारी संस्था आणि दुकानेही असे कागद काढू लागली. प्रादेशिक सत्ताही मागे राहिल्या नाहीत: कातालोनियाच्या स्वायत्त सरकारने नोटा काढल्या, आणि आस्तुरियास व लेओनच्या परिषदेच्या नोटांना तिचे अध्यक्ष बेलार्मिनो तोमास यांच्यावरून ‘बेलार्मिनो’ हे नाव पडले, जे सरकारी नावापेक्षा लोकांच्या तोंडी अधिक रुळले.

चलन काढण्याचा अधिकार असा विखुरणे केंद्र सरकारला परवडणारे नव्हते. जानेवारी 1938 मध्ये या स्थानिक नोटांवर बंदी घालून त्या परत घेण्याचा आदेश निघाला. परंतु मोडीची गरज आदेशाने मिटणारी नसल्यामुळे पुढे सरकारला स्वतःच पुठ्ठ्याच्या गोल चकत्या काढाव्या लागल्या, ज्यांच्या एका बाजूस राजचिन्ह आणि दुसऱ्या बाजूस चिकटवलेले टपाल तिकीट असे.

एप्रिल 1939 मध्ये युद्ध संपल्यावर प्रजासत्ताकाविरुद्ध लढून विजयी झालेल्या जनरल फ्रँको यांच्या राजवटीने प्रजासत्ताकाने युद्धकाळात काढलेल्या बँकनोटाही रद्दबातल ठरवल्या, तेथे गावच्या नोटांना कोण विचारणार?