बोरघाट आणि टर्बोचं आयुष्य

मंडळी, 2002 ला द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, खालापूरचा टोलनाका आपल्या पाचवीला पुजला. 2005 ला इनोव्हा आली, 2494 सीसीचं टर्बो डिझेल इंजिन घेऊन. टर्बो म्हणजे नाजूक, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. पण इंजिन न खोलता तीन-चार लाख किलोमीटर गेलेल्या इनोव्हा टूरिस्ट धंद्यात भरपूर झाल्या.

टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही ऑइलच्या भरवशावर. खोपोलीहून घाट चढून लोणावळ्यात थांबलात आणि लगेच चावी फिरवलीत, की तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइलचा कोळसा! जुने ड्रायव्हर मिनिटभर गाडी न्यूट्रलला चालू ठेवतात, ते उगाच नाही.

पर्यावरण कर मात्र फक्त वय बघतो, खासगी गाडीला 15 वर्षं झाली की लागू. निगा कुठेच मोजली जात नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनो, मीटरच्या आधी ऑइल बदलल्याची बिलं मागा.