नेत्राणी बेट

नेत्राणी हे अरबी समुद्रातील एक लहान, खडकाळ बेट आहे. ते कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर, मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटर (१० सागरी मैल) अंतरावर आहे. हा जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता. बेटावरील कबुतरांमुळे त्यास इंग्रजीत ‘पिजन आयलंड’ हे नाव मिळाले. वरून पाहता त्याचा आकार पत्त्यांतील बदामासारखा दिसतो. स्कूबा डायव्हिंग करून नैसर्गिक अधिवासातील शार्क पाहण्यासाठी हे बेट प्रसिद्ध आहे.

निसर्ग

नेत्राणीला अनेकदा ‘प्रवाळ बेट’ म्हटले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच घडलेली आहेत. नेत्राणी मात्र मुळात खडकाचे असून त्याच्या पाण्याखालील उतारांवर प्रवाळ वाढले आहेत. बेटावर पाकोळ्या आणि समुद्री गरुड घरटी करतात. किनाऱ्यावरील मच्छीमार या बेटाला पवित्र मानतात.

शार्क

शार्कला मराठीत मुशी आणि मालवणी व कोकणीत मोरी म्हणतात. नेत्राणीभोवती प्रामुख्याने परांची टोके काळी असलेला प्रवाळ शार्क आढळतो. त्याची लांबी सहसा दीड मीटरच्या आसपास असते. तो उथळ पाण्यात प्रवाळांच्या कडेने फिरतो आणि माणसाची चाहूल लागताच बहुधा दूर जातो. त्यामुळे प्रत्येक बुडीत तो दिसेलच असे नाही. चित्रपटांनी रंगविलेल्या नरभक्षक शार्कशी त्याचे फारसे साम्य नाही.

त्याच्या अस्तित्वाचा प्रश्न प्रजननाशी निगडित आहे. सुरमईसारखा मासा एका हंगामात लाखो अंडी घालतो, तर या शार्कची मादी एका वेळी साधारण दोन ते पाच पिल्लांना जन्म देते. साहजिकच जाळ्यात गेलेल्या शार्कची उणीव लवकर भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही जाती ‘असुरक्षित’ गटात ठेवली आहे. शार्कचे पर कापून धड समुद्रात फेकण्यावर भारताने २०१३ मध्ये बंदी घातली आणि २०१५ मध्ये परांची निर्यातही बंद केली. तथापि कोकणातील बाजारांत मोरी विकली जाते आणि मोरीचे सागुती-पद्धतीचे कालवण आवडीने खाल्ले जाते.

स्कूबा सहल

मुरुडेश्वर हे कोकण रेल्वेवरील स्थानक आहे. तेथून बोटीने बेटाजवळ पोहोचण्यास सुमारे दीड तास लागतो. पर्यटकांना बेटावर उतरू दिले जात नाही. बुड्या बोटीवरूनच मारल्या जातात. हंगाम ऑक्टोबर ते मे असा असून पावसाळ्यात समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असल्याने सहली बंद राहतात.

अप्रशिक्षित व्यक्तीला प्रशिक्षकासोबत साधारण १२ मीटरपर्यंत नेले जाते. प्राथमिक प्रमाणपत्र असलेल्यास १८ मीटरपर्यंत जाता येते. दर १० मीटर खोलीमागे पाण्याचा दाब एक वातावरण इतका वाढतो आणि हवेतील नायट्रोजन शरीरात अधिक विरघळतो. म्हणून वर येताना घाई करावयाची नसते, तसेच श्वासही रोखून धरावयाचा नसतो. एकापेक्षा अधिक बुड्या मारल्यास विमानप्रवासापूर्वी किमान १८ तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. घाटावरील पर्यटकांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते: पुणे व अहिल्यानगर ही शहरे समुद्रसपाटीपासून ५५० मीटरहून अधिक उंचीवर आहेत. बुडीनंतर लगेच मोटारीने घाट चढल्यासही हवेचा दाब घटतो. तेव्हा एक रात्र किनाऱ्यावर मुक्काम करणे श्रेयस्कर.

शार्क दिसल्यास त्याचा पाठलाग करू नये, त्याला आमिष दाखवू नये आणि प्रवाळांना हात लावू नये. आमिषाला सरावलेला शार्क माणसाला टाळत नाही, आणि ते दोघांनाही घातक ठरते.

नौदलाचा सराव

भारतीय नौदल या बेटाचा उपयोग तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून करीत आले आहे. बेटावर दारूगोळ्याचे अवशेष आढळतात. गोळाबारीमुळे प्रवाळांची व पक्ष्यांच्या वसतिस्थानांची हानी होते, असा आक्षेप निसर्गप्रेमींनी व संशोधकांनी घेतला. दुसरीकडे, ओसाड बेटावर उपाहारगृहे किंवा निवासस्थाने उभी राहिली नाहीत, यास दूरत्वाबरोबरच हा सरावही काही अंशी कारणीभूत असावा. मात्र पाण्याखालील जीवांना त्याने संरक्षण मिळत नाही. गोळाबारी नसलेल्या दिवसांत भोवतालच्या पाण्यात मासेमारी चालते आणि डायव्हिंगच्या बोटींचे नांगर प्रवाळांवर पडू शकतात. नांगराऐवजी कायमस्वरूपी तरंगत्या बोयांना बोटी बांधणे, हा त्यावर जगभर वापरला जाणारा साधा उपाय आहे.